दोन धावांचे इंजिन

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव हे गाव लागते. सभोवार भाताची खाचरे, पूर्वेस सह्याद्रीची उंच रांग आणि गावात सिद्धिविनायकाचे देवस्थान, असे या गावाचे स्वरूप आहे. जवळच्या कर्जत स्थानकावर बोरघाट चढणाऱ्या आगगाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. त्यांचे दृश्य या भागातील मुलांच्या चांगले परिचयाचे आहे. परंतु त्या अजस्र इंजिनांप्रमाणेच एका चिमुकल्या इंजिनानेही या मुलखाची पुष्कळ वर्षे सेवा केली आहे. ते इंजिन म्हणजे दुचाकी वाहनाचे दोन धावांचे इंजिन होय.

एके काळी कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांतून बाजाराच्या गावी जावयाचे तर पायी किंवा बैलगाडीने जावे लागे. पुढे एस. टी. आली, पण ती ठरावीक वेळी व ठरावीक रस्त्यानेच जावयाची. इ. स. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीची ‘लूना’ बाजारात आली. त्याच वर्षी बजाज कंपनीची ‘चेतक’ स्कूटर आली. १९८५ मध्ये ‘यामाहा आर एक्स १००’ ही मोटारसायकल आणि १९८६ मध्ये बजाजची ‘एम-८०’ ही गाडी निघाली. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे निघणारा गवळी, भाजीचे गाठोडे मागे बांधून बाजार गाठणारा शेतकरी आणि दूरच्या वाडीवरील शाळेत जाणारा शिक्षक या सर्वांना अशा गाड्यांचा मोठा आधार झाला. या चारही गाड्यांची इंजिने दोन धावांचीच होती.

या इंजिनाचा इतिहास मनोरंजक आहे. डुगल्ड क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याने इ. स. १८७८ च्या सुमारास अशा प्रकारचे पहिले यशस्वी इंजिन तयार केले. पुढे इंग्लंडमधील जोसेफ डे याने १८९१ मध्ये त्यात मोठी सुधारणा केली. इंधनमिश्रित हवा आत ढकलण्यासाठी क्लार्कच्या इंजिनाला वेगळा पंप लागत असे. डे याने ते काम इंजिनाच्या तळाच्या पेटीकडूनच करवून घेतले. त्यामुळे यंत्राचे भाग कमी झाले व ते स्वस्त झाले. जर्मनीतील अडोल्फ श्नुर्ले याने इ. स. १९२० नंतरच्या दशकात इंधनाचा प्रवाह वळवून नेण्याची नवी रीत शोधली. तिचा उपयोग ‘डी के डब्ल्यू’ या जर्मन कंपनीने आपल्या लहान मोटारसायकलींत केला. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीच्या १२५ घन सेंटिमीटरच्या गाडीचा नमुना अनेक देशांनी उचलला. इंग्लंडमधील ‘बँटम’ आणि १९५५ मध्ये जपानात निघालेली यामाहाची पहिली मोटारसायकल या दोन्ही त्याच वंशातील होत.

‘धाव’ या शब्दाचा अर्थ प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. इंजिनात एक नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. गॅरेजमधील कारागीर त्यालाच ‘ब्लॉक’ असे म्हणतात. त्याच्या आत एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली-वर होत असतो. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की एक धाव झाली. चार धावांच्या इंजिनात इंधन आत घेणे, ते दाबणे, त्याचा स्फोट होणे व धूर बाहेर टाकणे या चार क्रिया चार स्वतंत्र धावांत होतात. दोन धावांच्या इंजिनात याच चार क्रिया दोन धावांत उरकतात.

हे कसे घडते? पिस्टन वर जाऊ लागला की त्याच्या डोक्यावरील इंधनमिश्रित हवा दाबली जाते. त्याच वेळी त्याच्या खाली पोकळी निर्माण होऊन तळाच्या पेटीत नवे मिश्रण ओढले जाते. पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडेसे आधी प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि पिस्टन जोराने खाली रेटला जातो. खाली येताना तो ब्लॉकच्या भिंतीतील एक खिडकी उघडतो व तीतून धूर सायलेन्सरकडे निघून जातो. तो आणखी खाली येताच दुसऱ्या खिडक्या उघडतात आणि तळाच्या पेटीत दाबले गेलेले नवे मिश्रण वर येऊन उरलासुरला धूर बाहेर लोटते. पिस्टन पुन्हा वर जाताना खिडक्या बंद होतात व तोच क्रम नव्याने सुरू होतो. येथे दारे उघडण्याचे व लावण्याचे काम पिस्टनच करतो. म्हणून या इंजिनाच्या डोक्यावर झडपांचा पसारा नसतो. वजन कमी, भाग थोडे आणि प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट, हे याचे तीन मोठे गुण होत.

परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते. तळाच्या पेटीतून इंधन जात असल्यामुळे तेथे चार धावांच्या इंजिनाप्रमाणे तेल साठवून ठेवता येत नाही. पिस्टनला लागणारे वंगण पेट्रोलबरोबरच आत जावे लागते. काही गाड्यांत मालकाने ते तेल पेट्रोलच्या टाकीत मिसळावयाचे असते, तर काहींत एक लहानसा पंप ते पुरवतो. सामान्यतः शंभर भाग पेट्रोलास दोन ते चार भाग तेल लागते. नेमके प्रमाण गाडी बनवणाराच ठरवून देतो. एखाद्याने घाईत वा पैसे वाचवण्यासाठी तेल न घालता पेट्रोल भरले, तर काही मैलांतच इंजिनाची हानी होते.

पिस्टनला किती श्रम करावे लागतात, हे एका उदाहरणावरून कळेल. ‘आर एक्स १००’ या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर व धावेची लांबीही ५० मिलिमीटर आहे. त्यावरून त्याचे आकारमान सुमारे ९८ घन सेंटिमीटर भरते. इंजिनाचे मिनिटास ६,००० फेरे होत असताना पिस्टन दर सेकंदास शंभर वेळा खाली-वर होतो. एका फेऱ्यात तो दहा सेंटिमीटर अंतर तोडतो. म्हणजे एका मिनिटात तो ६०० मीटर चालतो आणि तेही ब्लॉकच्या भिंतीला घासत, डोक्यावर आग झेलीत! काही वर्षांनी तो झिजला, तर त्यात नवल नाही.

झिजलेले इंजिन आपली व्यथा निरनिराळ्या प्रकारे सांगते. किक मारताना पायाला पूर्वीसारखा विरोध जाणवत नाही. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. सपाट रस्त्यावर ती धावते, पण चढावर दम सोडते. ब्लॉकमधून टकटक असा आवाज येऊ लागतो. पिस्टनभोवती पोलादाच्या किंवा बिडाच्या चिरलेल्या कड्या बसवलेल्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. त्या भिंतीला चिकटून राहिल्या तरच स्फोटाचा दाब टिकतो. रिंगा झिजल्या की दाब बाजूने निसटतो आणि पेट्रोल जळूनही गाडीला ओढ राहत नाही. अशा वेळी इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्त करावा लागतो. या कामाला कारागीर ‘ब्लॉक-पिस्टनचे काम’ असे म्हणतात.

हे काम वरवर पाहता सोपे वाटते. जुना पिस्टन काढला आणि नवा बसवला, की झाले! परंतु चांगला कारागीर पाना हाती घेण्यापूर्वी गाडीच्या मालकास प्रश्न विचारतो. गाडी हळूहळू मंदावली की एकाएकी बंद पडली? तेल कोणते व किती घालता? हवेची जाळी केव्हा धुतली होती? त्यानंतर तो प्लग काढून पाहतो. प्लगचे टोक तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. ते काळे व ओलसर असेल तर पेट्रोल किंवा तेल अधिक जात आहे. ते पांढरे फटफटीत असेल तर इंजिनाला हवा जास्त व इंधन कमी मिळत आहे आणि ते फाजील तापत आहे. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसाच हा प्रकार आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच ते उघडावे. त्यापूर्वी बाहेरील चिखल व धूळ धुऊन काढावी. कडावसारख्या भागात पावसाळ्यात खाचरांचा चिखल आणि उन्हाळ्यात रस्त्याची धूळ इंजिनाच्या पंख्यांत घट्ट बसलेली असते. तिचा एखादा कण आत गेला तरी नव्या कामाचा नाश होतो. नंतर सायलेन्सर व कार्बोरेटर सोडवून माथ्याचे झाकण, म्हणजे हेड, काढावयाचे. त्याच्या नटा एकदम न सोडता समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोड्याथोड्या सैल कराव्या लागतात. नाही तर झाकणाला बाक येतो. त्यानंतर ब्लॉक सावकाश वर उचलावा. तो पिस्टनवरून पुरता निघण्याच्या आतच तळाच्या पेटीच्या तोंडावर स्वच्छ फडके कोंबून ठेवावे. तुटक्या रिंगेचा तुकडा वा पिनेची लहानशी तार त्या पेटीत पडली, तर अर्ध्या दिवसाच्या कामाला आठवडा लागतो.

पिस्टन हा संयोगदांड्याला, म्हणजे कनेक्टिंग रॉडला, एका पोकळ पिनेने जोडलेला असतो. पिनेच्या दोन्ही टोकांस तारेच्या लहान कड्या असतात. कारागीर त्यांना ‘लॉक’ म्हणतात. ती काढून पिन हळूच बाहेर दाबावी. ती हातोडीने ठोकू नये, कारण त्यामुळे दांडा वाकतो. नंतर दांडा धरून तो सरळ वर-खाली हलवून पाहावा. त्यात ढिलेपणा आढळल्यास खालच्या बेअरिंगची झीज झालेली असते. असे असताना केवळ वरचे काम करणे म्हणजे मोडक्या पायावर नवी भिंत बांधणे होय. मालकाला खर्च न आवडला तरी ही गोष्ट त्याला त्याच वेळी सांगितली पाहिजे.

काढलेला पिस्टन फेकून देण्याची घाई करू नये. इंजिनात काय घडले, याचा पुरावा त्याच्याच अंगावर लिहिलेला असतो. धूर जाण्याच्या बाजूस उभे ओरखडे असतील तर इंजिन फार तापले असावे. हवा येण्याच्या बाजूस तो घासला असेल तर धूळ आत गेली असावी. डोक्याला वितळून भोक पडले असेल तर इंधनाचे मिश्रण फार विरळ झाले असावे किंवा ठिणगी वेळेपूर्वी पडत असावी. मिश्रण विरळ होण्याचे कारण पुष्कळदा दुसरीकडेच सापडते. कार्बोरेटरजवळचे रबर तडकलेले असते, तेथील बारीक छिद्रात कचरा अडकलेला असतो किंवा तळाच्या पेटीचे रबरी सील झिजून तेथून हवा शिरत असते. हे मूळ कारण न शोधता नवा पिस्टन बसवला, तर तोही जुन्याच्याच वाटेने जातो.

आता मोजमापाचे काम येते. ब्लॉक गोल दिसत असला तरी झिजेमुळे तो लंबगोल झालेला असू शकतो. म्हणून त्याचा व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजतात. झीज मर्यादेपलीकडे गेली असेल, तर ब्लॉक लेथच्या कारखान्यात पाठवून आतून कातून घ्यावा लागतो. कातल्यावर भोक मोठे होते, म्हणून पिस्टनही मोठा घ्यावा लागतो. अशा कामासाठी पाव, अर्धा, पाऊण व एक मिलिमीटरने मोठे असे पिस्टन मिळतात. शहाणा कारागीर पिस्टन आधी आणतो व त्याच्या मापाने ब्लॉक कातून घेतो.

पिस्टन व भिंत यांच्यामध्ये किंचित मोकळी जागा ठेवावी लागते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तर ब्लॉकची आतील भिंत बहुधा बिडाची असते. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला, तर तो सुमारे एक दशांश मिलिमीटर फुगतो. बीड मात्र त्याच्या निम्म्यानेच फुगते. म्हणून लहान इंजिनात चार-पाच शतांश मिलिमीटरच्या आसपास जागा सोडतात. माणसाचा केसही बहुधा याहून जाड असतो. ही जागा कमी पडली तर पिस्टन भिंतीत घट्ट धरला जातो, इंजिन जाम होते आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी अडते. अशा वेळी चालकाने क्लचची मूठ तत्काळ दाबली नाही, तर अपघात ठरलेलाच! घाटातून उतरणाऱ्या माणसाचा जीव अशा रीतीने केसाएवढ्या मापावर अवलंबून असतो.

रिंगेच्या चिरेचेही माप घ्यावे लागते. रिंग ब्लॉकमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्याने सरळ आत सरकवतात आणि तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजच्या पातळ पट्टीने मोजतात. या आकाराच्या इंजिनात ती साधारणपणे ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर असते. फट मुळीच नसेल, तर तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांस भिडून ती मोडते. फट फार असेल तर दाब निसटतो.

कातून आलेल्या ब्लॉकच्या भिंतीवर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषा घासून उमटवतात. या रेषांत तेल धरून राहते. खिडक्यांच्या धारदार कडाही किंचित बोथट कराव्या लागतात, नाही तर रिंग तेथे अडकून तुटते. त्यानंतर ब्लॉक गरम पाणी व साबण यांनी धुवावा. पांढरे फडके आतून फिरवले असता त्यावर डाग उमटू नये, इतका तो स्वच्छ झाला पाहिजे. धुतल्याबरोबर त्याला तेल लावावे. कोकणच्या दमट हवेत उघडे बीड गंजण्यास वेळ लागत नाही. हेडवर व धुराच्या खिडकीत साचलेली काजळी लाकडाच्या किंवा बांबूच्या चिपेने खरवडावी. लोखंडी हत्याराने मऊ धातूवर चरे पडतात. ही काजळी तशीच ठेवली तर ती निखाऱ्यासारखी तापते व ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवते.

जोडणी करताना संयम हवा. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो; त्याचे टोक धूर जाण्याच्या बाजूस ठेवावे. प्रत्येक रिंगेच्या खाचेत एक बारीक खुंटी असते. रिंगेची चीर त्या खुंटीवरच आली पाहिजे. खुंटी नसती, तर रिंग फिरून तिचे टोक खिडकीत सापडले असते. पिनेची जुनी लॉक पुन्हा वापरू नयेत. वाचतील दोन-चार रुपये आणि जाईल सबंध ब्लॉक! ब्लॉकखालील कागदी पॅकिंग नवे घालावे, सर्व भागांना तेल लावावे आणि बोटांनी रिंगा दाबून ब्लॉक सरळ खाली सोडावा. तो पिळू नये व त्यावर जोरही करू नये. तो अडला, तर काही तरी चुकले आहे असे समजून पुन्हा वर घ्यावा. शेवटी हेडच्या नटा समोरासमोर, टप्प्याटप्प्याने व ठरवून दिलेल्या जोरानेच आवळाव्यात.

इंजिन सुरू झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. नवी रिंग व नवी भिंत यांची जोडी जमण्यास वेळ लागतो. पहिल्या काहीशे किलोमीटरपर्यंत गाडी बेताने चालवावी. फार ओझे लादू नये, लांब चढ टाळावा, मूठ एकाच जागी धरून ठेवू नये आणि अधूनमधून इंजिन निवू द्यावे. ज्या गवळ्याची गाडी दुरुस्त झाली, त्याने काही दिवस किटल्या अर्ध्याच न्याव्यात, हे उत्तम. ही गोष्ट त्याला परवडणारी नसते. कारण न नेलेले दूध दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही. परंतु आठ दिवसांच्या या तोट्याने पुढील अनेक वर्षांचे नुकसान टळते. हे त्यास पटवून देणे हाही कारागिराच्या कामाचाच भाग आहे.

या इंजिनात एक दोषही आहे आणि तो लपवून चालणार नाही. धूर बाहेर लोटताना थोडे ताजे मिश्रणही न जळताच त्याच्याबरोबर निघून जाते. शिवाय पेट्रोलबरोबर तेलही जळते. त्यामुळे इंधन वाया जाते व हवा दूषित होते. भारत सरकारने १९९६ व २००० साली धुराविषयीचे नियम अधिक कडक केले. त्यानंतर दोन धावांच्या दुचाकी क्रमाने मागे पडल्या व चार धावांच्या गाड्यांनी त्यांची जागा घेतली. ‘आर एक्स १००’ चे उत्पादन १९९६ मध्येच थांबले. रस्त्यावर उरलेल्या जुन्या गाड्यांना पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. ज्यांचे इंजिन नीट राखलेले आहे, त्या गाड्या धूरही कमी सोडतात. गवत कापण्याची यंत्रे, यांत्रिक करवती आणि पाठीवर घेऊन फवारणी करण्याचे पंप यांतून मात्र हे इंजिन अद्यापि पुष्कळ ठिकाणी राबत आहे. भाताच्या बांधावर गवत कापताना येणारा तीव्र आवाज त्याचाच होय.

गाड्या बदलतील, इंजिनेही बदलतील. परंतु झिजलेल्या भागावरून बिघाडाचे मूळ ओळखणे, केसाएवढ्या मापाचा आदर राखणे आणि डोळ्यांआड राहणारे कामही प्रामाणिकपणे करणे, या गोष्टींची गरज कधीच संपणार नाही. हेडच्या आत कसे काम झाले आहे, ते मालकाला दिसत नाही. तो केवळ विश्वासाने पैसे देतो व दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात किटल्या अडकवून रस्त्याला लागतो. त्या विश्वासाला पात्र ठरणे, हीच कारागिराची खरी विद्या होय.